जेवणाआधी अर्धा तास

दवाखान्यात पेशंटपेक्षा किस्से जास्त साचतात. पेशंट बरा होऊन निघून जातो, किस्सा मात्र बाकड्यावरच बसून राहतो! माझ्या बाकड्यावर तर आता जागाच उरलेली नाही.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. शिरड शहापूरला सासरच्या घरी पुढच्या खोलीत मी दवाखाना टाकला होता. हाताखाली देवराव नावाचे वयस्कर कंपाउंडर, मागच्या खोलीत सासू-सासरे आणि नुकती रांगायला लागलेली माझी लेक. मला सगळ्यात धास्ती मधुमेहाच्या गोळ्यांची. साखर वाढलेला माणूस निदान चालत येतो. गोळीनं साखर फार खाली गेलेला माणूस उचलून आणावा लागतो! म्हणून औषधाच्या नावाखाली मी अख्खा निबंध लिहायचे. कधी घ्या, कधी घेऊ नका, घाम सुटला तर काय करा. सासूबाई म्हणायच्या, "अगं, ही चिठ्ठी हाय का पोथी?"

एवढं लिहूनही चैन पडत नसे. एकदा एक काका गोळ्या घेऊन गेले आणि मला वाटलं, एक गोळी लिहायच्या जागी दोन तर नाही ना लिहिल्या? देवरावांना पिटाळलं. त्यांनी स्टँडवरून सुटलेली एसटी समोर उभं राहून थांबवली आणि काकांना खाली उतरवलं. सगळी गाडी खिडकीतून बघतेय! काका घामाघूम होऊन परत आले. मी चिठ्ठी तपासली. बरोबर होती.

काका म्हणाले, "बराबर लिवलं तरी गाडीतून उतरवता. चुकलं तर काय जीप धाडता का?"

एका शेतकऱ्याच्या महिन्याच्या गोळ्या दर वेळी पंधरा दिवसांतच संपायच्या. जास्त घेतो की काय, अशी मला शंका. खोदून विचारलं तेव्हा कळलं, निम्म्या गोळ्या धाकटा भाऊ खातो.

"त्यालाही साखर आहे?"

"कोणाला ठावं?"

"मग त्याला काहून देता?" माझ्याही तोंडात एव्हाना 'काहून' बसलं होतं.

त्यानं माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "म्याडम, आमची अजून वाटणी झाली न्हाई. सगळं एकातच हाय."

तांड्यावरचे एक आजोबा मोठे मानाचे, शिस्तीचे. एक दिवस साखर तपासून झाल्यावर सहज बोलून गेले की, काल लग्नाला जाताना गोळ्या दोन घेतल्या.

"दोन? कुणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला पायजे? पंगतीत बुंदी होती. आभाळ आलेलं दिसल्यावर माणूस छत्री घेऊन निघतोच की!"

मी चिठ्ठीवर आणखी एक ओळ वाढवली: लग्नकार्यातही गोळी एकच.

आता देवरावांचं सांगते. त्या दिवशी टेबलावरच्या पाकिटातली एक गोळी गायब! आणि टेबलाखाली माझी लेक, तोंडात काहीतरी चघळत! मोठ्या माणसाची साखर उतरवणारी गोळी, एवढंसं लेकरू. तोंडात बोट घातलं, निघाला बिस्किटाचा तुकडा. तरी खात्री होईना. तिची टाच टोचली, साखर बघितली, ती रडली, मीही रडले. गोंधळ ऐकून देवराव आत आले.

"लेकराला कशाला टोचून राहिल्या, म्याडम? ती गोळी मी घेतली. डोकं ठणकत होतं. पांढरी दिसली, म्हटलं डोक्याचीच असंल."

मग लेक सुटली आणि देवराव सापडले! ताबडतोब साखरेचं पाणी, दर तासाला बोट टोचणं, दर तासाला खाणं. दुपारी तीनला, सासरे कधीचे जेवून आडवे झाले होते, तेव्हा सासूबाईंनी स्वतःसाठी झाकून ठेवलेली भाकरीही देवरावांसमोर ठेवली. रात्रीपर्यंत देवराव ठणठणीत, मी अर्धमेली. कुलूप लावायचं कपाट मी दुसऱ्याच दिवशी आणलं.

देवराव मात्र खूश. "गोळी चांगली हाय, म्याडम. जन्मात पहिल्यांदा कोणी मला दर तासाला जेव म्हटलं!"

पण खरी झोप उडवली ती कौसाबाईंनी. पन्नाशीची, घर-शेत दोन्ही ओढणारी बाई. गोळी अगदी हलकी दिलेली, तरी दोनदा घाम, थरथर. तिसऱ्यांदा तर चुलीपाशीच कोसळल्या. थोडक्यात पदर वाचला. गोळी आणखी कमी केली होती, पुस्तकं चाळून झाली होती. माझंच काहीतरी चुकतंय, हे नक्की होतं, फक्त काय ते कळत नव्हतं. शेवटी त्यांना समोर बसवलं.

"कौसाबाई, गोळी जेवणाआधी अर्धा तास घेता ना?"

"व्हय की. भाकरी थापायला बसले की घेते. अर्ध्या तासानं ह्यांचं ताट वाढायचं असतं."

"आणि तुम्ही कधी जेवता?"

"मी?" त्या हसल्या. "ह्यांचं झालं की थोरल्या पोरांचं. मंग सालगड्याचं. मंग ल्हान लेकरं. कोणी पाव्हणा आला तर तो. मंग मी."

"म्हणजे किती वाजता?"

"तीन. कधी चार."

मी कपाळाला हात लावला. "अहो, मी तुमच्या जेवणाआधी म्हटलं होतं!"

"चिठ्ठीवर कोणाचं जेवण, ते कुठं लिवलं होतं?"

एवढ्या मोठ्या पोथीत तेवढंच राहिलं होतं!

नवी चिठ्ठी लिहिली, मोठ्या अक्षरात: पहिलं ताट कौसाबाईंचं. ताट समोर आल्यावरच गोळी. जेवण नाही, तर गोळी नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांचे मालक चिठ्ठी घेऊन हजर.

"हे पहिल्या ताटाचं खरं हाय का?"

"खरं आहे. नाहीतर पुढच्या वेळी त्या चुलीपाशी नाही, चुलीत पडतील."

त्यांनी चिठ्ठी उलटून मागची बाजूही बघितली. "किती दिवस?"

"औषध चालू आहे तोवर. बहुतेक जन्मभर."

"मंग मी कवा जेवू?"

"दुसऱ्या ताटाला."

चिठ्ठीची घडी घालून ते निघून गेले. कौसाबाई त्यानंतर कोसळल्या नाहीत.

पुढच्या बाजाराच्या दिवशी त्यांच्या गल्लीतल्या पाच बायका एकदमच आल्या. "आमाला बी साखर असंल, बघा." पाचही जणींची तपासली. पाचही ठणठणीत!

"काही झालेलं नाही, गोळीची गरज नाही," मी आनंदानं सांगितलं. एकीचाही चेहरा फुलला नाही.

"गोळी कोणाला पायजे, म्याडम?" त्यांतली थोरली म्हणाली. "नुसती चिठ्ठी द्या."

खोटा आजार मी लिहिणार नव्हते. थोडा विचार केला आणि पाच चिठ्ठ्यांवर लिहिलं: साखर नाही. वेळेवर जेवावे. पहिल्या पंगतीत.

बायका गेल्या. देवरावांनी आवाज दिला, "म्याडम, अजून एक पेशंट हाय," आणि ते छताकडे बघायला लागले.

मागच्या दारातून सासूबाई आल्या, लेकीला कडेवर घेऊन. स्टुलावर बसल्या, बोट पुढं केलं. मी तपासलं.

"आई, तुम्हाला काही नाही. साखर अगदी नॉर्मल आहे."

"ते मला ठावं हाय. तू लिही," सासूबाई म्हणाल्या. "आणि खाली शिक्का मार. तुझ्या सासऱ्याला नुसतं लिवलेलं पटत न्हाई."