बिनखांबाचा कोपरा

काचेवर बोटांचे ठसे कधी उमटतात ते कळत नाही. दाराचा एक पल्ला पुसून मागे वळावं तर दुसऱ्यावर नवे तयार! आमच्या कामातल्या गोष्टींचंही तसंच आहे. एक सांगून होत नाही तोवर दुसऱ्या साइटवर काहीतरी घडलेलं असतं. ओळखीच्या माणसांत मी त्या रंगवून सांगतो. अनोळखी माणसासमोर मात्र माझं तोंड उघडत नाही. आणि पुढे सांगतो त्या सगळ्या भानगडीचं मूळ तेच आहे.

आधी काम काय ते सांगतो. बंगळूरला राजाजीनगरात दत्तूअण्णांचं काचेच्या दारांचं वर्कशॉप आहे. अण्णांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, त्यामुळे त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड. नववीत शाळा सुटली तेव्हापासून मी त्यांच्याकडेच आहे. आमची खासियत म्हणजे कोपऱ्याचं दार. हॉलच्या दोन बाजूंना भिंतींच्या जागी काचेचे सरकते पल्ले बसवायचे आणि ते कोपऱ्यात एकमेकांना भेटवायचे. मध्ये खांब नाही! दोन्ही पल्ले सरकवले की घराचा अख्खा कोपराच गायब होतो आणि हॉल थेट बागेला जाऊन मिळतो.

अण्णांचा एक नियम आहे. ज्याने दार बसवलं, त्यानेच गिऱ्हाइकाला डेमो द्यायचा. नुसता हाताने नाही, तोंडाने बोलून.

"महेश, तुझं फिटिंग एक नंबर," अण्णा म्हणायचे. "पण गिऱ्हाइकासमोर तू दाराहून गप्प. एकाशी तरी नीट बोलून दाखव, त्या दिवशी तुला स्वतःची साइट देतो. तोवर नागराजच्या हाताखाली. सरी? ठीक?"

नागराज आमचा सीनियर फिटर. तो बोलायला लागला की ट्यूबमधलं सिलिकॉन सुकतं.

*

खांब नाही म्हटलं की पहिली घाबरतात ती म्हातारी माणसं.

जयनगरच्या एका घरी दार बसवून झालं. पल्ले सरकवले, कोपरा मोकळा झाला, आणि घरातल्या आजी होत्या तिथेच थांबल्या. "अय्यो, खांब कुठे गेला? वरचा स्लॅब कशावर आहे?"

अण्णांनी समजावलं. वर जाडजूड बीम आहे, इंजिनिअरने हिशेब केलाय, मागच्या बाजूला दोन भक्कम खांब आहेत. आजींनी सगळं शांतपणे ऐकलं. वर बघितलं. खाली बघितलं.

"पडणार नाही म्हणता?"

"शंभर वर्षं नाही, आजी."

"सरी," आजी म्हणाल्या. मग आत वळून सुनेला हाक मारली, "अगं, जावईबापू संध्याकाळी येणार आहेत ना? त्यांची खुर्ची आजपासून इथे!"

*

इंदिरानगरातलं एक जोडपं पुण्याहून आलेलं, दोघंही आयटीत. दार बसवून आठवडा झाला नसेल, अण्णांना फोन. "दार लॉक होत नाहीये. डिफेक्टिव्ह पीस आहे!"

मी आणि नागराज गेलो. रोलर तपासले, ट्रॅक झाडला, लेव्हल लावून पाहिली. दार उत्तम! मग नागराजने विचारलं, "मॅडम, बंद कसं करता ते दाखवा."

या दाराची एक पद्धत असते. आधी एका बाजूचा पल्ला पूर्ण बंद करायचा, मग दुसऱ्या बाजूचा त्याच्यावर येऊन बसतो आणि लॉक लागतं. बाई एका पल्ल्यापाशी उभ्या राहिल्या, साहेब दुसऱ्यापाशी. आणि दोघंही थांबली.

"त्यांना सांगा, आधी त्यांनी करावं," बाई म्हणाल्या. नागराजला.

"दर वेळी मीच का आधी?" साहेब म्हणाले. तेही नागराजलाच.

परवाच्या भांडणानंतर दोघांचं बोलणं बंद होतं आणि त्यामुळे दार उघडं होतं! नागराजने गुपचूप दोन्ही पल्ले स्वतः लावले, कॉफी घेतली आणि आम्ही परत आलो.

तेव्हापासून अण्णा माप घ्यायला गेले की टेप बाहेर काढण्याआधी हळूच विचारतात, "घरात आधी कोण नमतं? पहिला पल्ला त्यांच्या बाजूला देतो."

*

आता माझा पहिला डेमो. बँकेतून रिटायर झालेले एक साहेब होते. अण्णा मुद्दाम मागे जाऊन उभे राहिले. मी रात्रभर पाठ केलं होतं: नमस्कार, हा ट्रॅक, हे रोलर, इथे पाणी साचू द्यायचं नाही.

"नमस्कार," मी म्हणालो. आणि संपलं. पुढचं एक अक्षर आठवेना!

हात तरी हलवावेत म्हणून पल्ला उघडला. बंद केला. पुन्हा उघडला. पुन्हा बंद. साहेब मान पुढे काढून, डोळे मिटून ऐकत होते. शेवटी खूश होऊन म्हणाले, "वा! अजिबात आवाज नाही हो!"

अण्णा मागून म्हणाले, "दाराचा म्हणता, की आमच्या महेशचा?"

साइट अर्थातच मिळाली नाही.

*

इथे घराला दृष्ट लागू नये म्हणून राक्षसाचं तोंड लावतात. बटबटीत डोळे, झुपकेदार मिशा, बाहेर काढलेली जीभ. राजाजीनगरातल्या एका घरी ते टांगायला खांबच उरला नाही. मग त्यांनी दोन्ही बाजूंनी छापलेलं मोठं स्टिकर आणून सरळ काचेवर चिकटवलं.

दार बंद असताना ठीक होतं. उघडलं की पल्ला सरकून सोफ्यामागे यायचा आणि ते तोंड सोफ्यावर बसणाऱ्याच्या बरोबर डोक्यावर. त्या जागी दर शनिवारी घरमालकांची बहीण बसायची. तिने रागावून कॉफी पिणं सोडलं, म्हणून मालकांनी स्टिकर काढायला मला बोलावलं.

मी पाणी मारून कडा सोडवायला लागलो. मालक फोन घ्यायला बाहेर गेले, तशा त्यांच्या पत्नी फिल्टर कॉफीचा पेला घेऊन जवळ आल्या. इकडेतिकडे बघत म्हणाल्या, "तम्मा, स्वल्प हळू हळू कर हं. आज शनिवार आहे. नणंद चारला येते."

मी मान डोलावली आणि कॉफी घेत बसलो. माझ्या न बोलण्याचा कुणाला उपयोग झाला असेल, तर तो त्या एकाच घरी.

*

मग अण्णा वैतागले. "पुढच्या महिन्यात एक बोलणारा माणूस ठेवतो. तू बसव, तो बोलेल, आणि साइट त्याच्या नावावर. हा शेवटचा चान्स. आयतु? कळलं?"

शेवटचा चान्स म्हणजे शंकररावांचं नवं घर. कापडाचे व्यापारी, मोठा गोतावळा. नागराज गावी गेलेला, अण्णांचा गुडघा धरलेला, त्यामुळे मी एकटाच. डेमो वास्तुशांतीच्या दिवशी, पूजा झाल्यावर, सगळ्या पाहुण्यांसमोर!

काच दिसावी म्हणून आम्ही नव्या पल्ल्यांवर चिकटपट्टीची मोठी फुली मारतो. सकाळीच शंकररावांच्या आईंनी ती पाहिली. "शुभ दिवशी दारावर फुली?" म्हणाल्या आणि स्वतःच्या हाताने ओरबाडून काढली. वर मी काच अशी पुसली होती की ती आहे की नाही तेच कळू नये.

गृहप्रवेशाला इथे आधी गाय घरात आणतात. गाय आली. शिंगांना हळद, गळ्यात झेंडूची माळ, मागे वासरू. मुख्य दारातून आत शिरली, भटजींनी मंत्र म्हटले, आईंनी पाय धुतले. आणि मग गायीला समोर हिरवंगार लॉन दिसलं. मध्ये काच आहे हे तिला कोण सांगणार?

ती निघाली. गवळ्याच्या हातून दोर सुटला. "निल्लू, निल्लू!" "अरे धरा!" "पकडो!" तीन भाषांत आरडाओरडा, पण पुढे कोणी होईना. मला दिसत होतं ते एवढंच: गायीचं कपाळ, माझी काच आणि गेलेली साइट.

"सरका!" मी ओरडलो. "भटजी, तुम्ही डावीकडे! काकू, ताट उचला! वासराला मध्ये येऊ देऊ नका!"

आणि सगळे सरकले! भटजीसुद्धा! मी एक पल्ला लोटला, धावत जाऊन दुसरा लोटला. कोपरा उघडला आणि गाय न थांबता, मान डोलवत, बाहेर लॉनवर गेली. मागून वासरू. दोघं शांतपणे चरायला लागली.

मग आईंनी हात जोडले. "गोमाता जिथून गेली, तीच वाट शुभ. चला!" आणि सगळा गोतावळा त्या कोपऱ्यातून ओळीने बागेत उतरला.

मी तसाच धापा टाकत उभा होतो. पाहुण्यांतले एक सफारी घातलेले गृहस्थ जवळ आले. त्यांनी बोटाने ट्रॅक चाचपला, वरचा बीम न्याहाळला, आणि आवाज खाली आणून विचारलं, "आम्हालाही अस्साच कोपरा करायचाय. डेमोची गाय तुमच्याकडूनच येते का?"

मी म्हणालो, "हो सर, गाय आमची. वासरू मात्र एक्स्ट्रा. माप घ्यायला कधी येऊ?"