मार्थाबाईंची माफी अन् माझे पेढे

मार्थाबाईंच्या पंचाहत्तरीला सगळ्यात आधी कोण पोचलं, माहितीये? चर्चचे लोक नाहीत, पास्टरसाहेब नाहीत, आमचा दिलीप! सुरतेजवळच्या भेस्तानला मंडपात खुर्च्या मांडत होता. बायका कुजबुजल्या, "हा तोच ना?" मी म्हटलं, "हो व माय, तोच! माझाच!"

तोच म्हणजे ज्याच्या टेम्पोखाली बाईंचे यजमान गेले, तो. गुजरातेत दारूबंदी, तरी प्यायलेला होता. बाईंची अन् माझी ओळख तिथूनच. मी रडत त्यांच्या दारी गेले. जन्मभर नर्स राहिलेल्या बाई, आधी मला पाणी दिलं, मग म्हणाल्या, "सुमनताई, मी त्याला माफ केलं. प्रभूने तेच शिकवलंय." झालं! पोरगा आता सुटलाच असं समजून मी गल्लीभर पेढे वाटले. हे लिहून घेणारी नात म्हणते, "आजी, बाईंच्या गौरवलेखात पेढे कशाला?" अगं, तेच तर सांगायचंय!

कोर्टात बाईंनी सरळ सांगितलं, "मी ह्यांच्या शेजारीच चालत होते. टेम्पो हाच चालवत होता, प्यायलेला होता." बाहेर मी भांडले, "ही कसली तुमची माफी?"

"राग माझा होता, तो मी सोडला," त्या म्हणाल्या. "रस्ता माझ्या एकटीचा नाही, ताई. उद्या दुसरीचा नवरा जाईल. ते बघणं सरकारचं काम. खोटं बोलून मी त्याच्या आड येणार नाही."

शिक्षा झाली. पण तुरुंगात मुलाखतीला माझ्यासोबत कोण यायचं? ह्याच बाई, दुखऱ्या गुडघ्यांनी बस बदलत! दिलीप मान वर करायचा नाही. बाईच म्हणायच्या, "दिल्या, वर बघ. शिक्षा भोगतोयस ना? मग तोंड कशाला लपवतोस?" सुटल्यावर कुणी कामाला ठेवेना, तर कापडाच्या लूमच्या शेठकडे स्वतः घेऊन गेल्या, अन् सगळं खरं सांगून काम मिळवून दिलं.

दारू सुटली, लायसनही परत मिळालं. पण स्टेअरिंगला हात लावायचं नाव नाही. चावी दिली तरी परत ठेवून द्यायचा.

काल बाई लेकीला घेऊन आमच्याकडे आल्या. कळण्याची भाकरी अन् ठेचा आवडीने खाल्ला. निघताना म्हणाल्या, "चर्चची प्रार्थना झाली की आम्ही पुन्हा जेवायला येतो. रिक्षा नको. दिल्या, शेठचा टेम्पो माग अन् तूच न्यायला ये. मी पुढे बसणार."

दिलीप भिंतीकडे तोंड करून रडला. मग म्हणाला, "येतो, मावशी."

त्यांच्या अन् माझ्या देवाने मिळून बाईंना ठणठणीत शंभरी द्यावी! मी कळण्याचं पीठ दळून आणलंय. दिलीप सकाळपासून टेम्पो धुतोय, अन् आज कुठे बुधवार, बाईंनी सांगितलाय रविवार!