मोबाइल सांभाळणाऱ्या खाला

"आणा, मोबाइल इकडं टाका."

मतदानाच्या दिवशी शाळेच्या फाटकाबाहेर, भिंतीला टेकून खाला आपली बाजाराची पिशवी उघडून धरत. आत मोबाइल नेऊ देत नाहीत, हे तुम्हांलाही ठाऊक आहे. मुकुंदवाडीतल्या आमच्या गल्लीच्या बायका पिशवीत मोबाइल टाकत, कडेवरचं मूल खालांच्या मांडीवर देत आणि रांगेत जाऊन उभ्या राहत. पिशवीत एखादा मोबाइल वाजला की खाला तो कानाला लावून ओरडत, "ती सरकार निवडायला गेलीय. आली की बोलंल."

मतदानाची खोली रस्त्याच्या अंगाला होती. बटण दाबल्यावर यंत्राचा जो लांब आवाज होतो, तो खिडकीतून बाहेर येई. खाला कान देऊन बसलेल्या असत. बाई बाहेर आली की म्हणत, "तुझं वाजलं गं. लई येळ लावलास. इचार करत होतीस व्हय?"

त्यांचं स्वतःचं कधीच वाजलं नाही. खाला या देशाच्या नागरिक नव्हत्या.

जन्म पाचोडचा. निजामाचं राज्य गेलं त्या धामधुमीत वडील लहानग्या लेकीला घेऊन कराचीला गेले. विशीच्या आत ती नवरी होऊन परत आली, एसटीच्या वर्कशॉपमधल्या आतेभावाची बायको म्हणून. पासपोर्ट तिकडचा. तो संपला, तिकडून नवा मिळाला नाही. इकडं नागरिकत्वासाठी अर्ज केला, तो पुढं सरकला नाही. राहण्याची परवानगी तेवढी मुदत वाढवत वाढवत चालली. नवरा इथला, मुलं इथली, सून करमाडजवळची, नातवंडं तर याच गल्लीत वाढलेली. त्या सगळ्या घरात परक्या एकट्या खाला. सुनेशी खटका उडाला की आवाज चढवून म्हणत, "जरा इज्जतीनं बोल. परदेशी पाहुणी हाय मी." सून हसायची आणि भांडण तिथंच मोडायचं.

निवडणूक आली की प्रचाराची माणसं हमखास त्यांच्याच ओट्यावर थांबत, कारण गल्लीत सगळ्यांत मोठा आवाज त्यांचा. खाला त्यांना चहा पाजत. नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, गटार तुंबलंय, कोपऱ्यावरचा दिवा गेलाय, असं सगळं ऐकवत. त्यांतला एखादा बिचारा मान डोलावून, हात जोडून म्हणे, "मावशी, एवढ्या वेळी लक्ष असू द्या."

"लक्ष हायच की, बाबा. मत नाय."

पाण्यासाठी बायकांनी हंडा मोर्चा काढला तेव्हा घोषणा खालांनी बसवून घेतल्या. स्वतः मात्र दाराआड राहिल्या. "फोटोत मी नको. उद्या कुणी इचारलं, ही कोण, तर?" त्यांच्या आवाजातली भीती मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

शहराबाहेर जायचं तर आधी परवानगी. पाचोडला त्यांची चुलत बहीण वारली. अर्ज दिला, होकार आला तोवर माती होऊन गेली होती. खाला तरीही गेल्या. आल्यावर मला एवढंच म्हणाल्या, "आठवडी बाजार होता, मास्तर. सारं गाव आलं होतं. कुणी कुणाला इचारून आलं नव्हतं."

मी मास्तर कधीच नव्हतो. कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. पण पुस्तकवाला माणूस तो मास्तर, असा त्यांचा हिशेब. म्हणूनच नागरिकत्वाच्या कामासाठी त्या कचेरीत मला सोबत नेत. शेवटच्या वेळी टेबलामागचा तरुण कारकून अदबीनं बोलला. तिकडचं नागरिकत्व सोडल्याचा दाखला लागेल, म्हणाला. मी सांगितलं, तिकडच्या कचेरीचं म्हणणं आहे की पासपोर्टच चालू नाही, तर दाखला कशाच्या आधारावर द्यायचा?

खाला दोघांकडं आळीपाळीनं बघत होत्या. मग पुढं वाकून म्हणाल्या, "म्हणजे साहेब, मी हाय का नाय?"

त्यानं आपली पाण्याची बाटली त्यांच्यापुढं सरकवली.

बाहेर रिक्षाची वाट बघताना त्या म्हणाल्या, "मला काय पेन्शन नको, जमीन नको. एकदा आत जाऊन बघायचंय मास्तर, ह्या बाया आत करतात काय. लई नाय, एकदा."

पुढच्या मतदानाला तुमचं नाव येईल, असं मी म्हणालो. माझ्याकडं त्यांना द्यायला दुसरं काही नव्हतं.

त्या उन्हाळ्यात त्या गेल्या. सकाळी नळाला पाणी आलं म्हणून सगळ्या गल्लीला हाका मारून उठवलं आणि जरा पडते म्हणाल्या, त्या उठल्याच नाहीत. काही दिवसांनी नेहमीचा हवालदार आला. त्या घरी आहेत का, एवढं तो अधूनमधून बघून जाई, आणि खाला त्याला चहा देऊन म्हणत, "लिहा, म्हातारी पळाली नाय." सुनेनं सांगितल्यावर तो टोपी काढून ओट्यावर बसून राहिला. चहा त्यानं घेतला नाही.

मग मतदान आलं. आमच्या बायका सवयीनं शाळेच्या भिंतीशी गेल्या. मोबाइल हातात, मुलं कडेवर, आणि घ्यायला कुणी नाही. शेवटी खालांची सून म्हणाली, "निम्म्या आत जा. निम्म्या थांबतो." दोन खेपांत आमच्या गल्लीनं मतदान केलं.

मी मोबाइल तिच्याजवळ दिला आणि आत गेलो. बोटाला शाई लागली. बटण दाबलं. तो आवाज इतका लांबतो हे आतून कधी जाणवलं नव्हतं. मी खिडकीकडं पाहिलं. आवाज थांबला तरी तिथंच उभा होतो.

"काका, झालं तुमचं," टेबलावरची बाई म्हणाली. "पुढं चला."