वहिनीची जास्वंद

कुठलंही पान दिसलं की तो ते दोन बोटांत धरून हलकेच चोळायचा आणि म्हणायचा, "माल चांगला हाय." आयुष्यभर कापड पारखणाऱ्याची ती सवय. धामणकर नाक्याजवळच्या एका यंत्रमाग कारखान्यात तो जॉबर होता, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारा, आणि राहायला आमच्या शेजारी. असे शेजारी तुमच्याही वाट्याला आले असतील. नेलेली पक्कड परत द्यायला येतात आणि तासभर बसतात.

माझी बायको गेली तेव्हा तेरा दिवस सकाळचा चहा त्याच्याच घरून आला. मला तो भाऊ म्हणायचा, तिला वहिनी. तिचं माहेर अकलोलीचं. तिथल्या परसातून तिने आणलेली फिकट पिवळी जास्वंद आमच्या गॅलरीत कुंडीत होती. ती गेल्यावर मी त्या झाडाशी बोलायला लागलो. भाजी काय केली, मुलीचा फोन आला का, असलंच काहीबाही. तो ऐकायचा, पण कधी हसला नाही. त्याबद्दल मी त्याला फार मानायचो.

आमच्या गॅलरीचं एक दुखणं आहे. दिवाळी सरली की सूर्य समोरच्या इमारतीमागे अडकतो, तो होळीपर्यंत वर येत नाही. त्या हिवाळ्यात जास्वंदीची पानं गळू लागली. त्याने कुठून तरी झाडांसाठीचा जांभळा दिवा पैदा केला. नेमकं तेव्हाच मला मुलीच्या बाळंतपणासाठी महिनाभर नाशिकला जायचं होतं.

"वहिनीची जास्वंद माझ्याकडं ठेवा. दिव्याखाली ठेवतो. तुमी बिनघोर जा," तो म्हणाला.

मी एक दिवसाआड फोन करून झाड कसं आहे विचारायचो. उत्तर ठरलेलं, "माल चांगला हाय."

परतलो तर झाड जरा बुटकं वाटलं. "छाटलं थोडं," तो म्हणाला. दिवा त्याने स्वतः माझ्या बाहेरच्या खोलीत टांगून दिला आणि बजावलं, "एकच शिफ्ट द्यायची भाऊ. सकाळी लावा, सांजच्याला बंद. झाडाला नाईट सोसत न्हाय."

केवढं कळतं याला, असं मला वाटलं. मी त्याला नाशिकचा चिवडा दिला. मग दोन महिने त्या जांभळ्या उजेडात मी झाडाशी बोलत राहिलो. नात झाली, नाक आजीवर गेलंय, सगळं सांगितलं. तो खुर्चीत बसून ऐकायचा.

होळीच्या सुमारास पहिली कळी उमलली. लाल भडक.

मी कुंडी उचलून त्याच्या दारात नेली. फुलाकडे बघून तो काय ते समजला. मग एकेक बाहेर आलं. कारखान्यात लूम चालतात तसा त्याने दिवा दिवसरात्र, दोन्ही शिफ्ट चालू ठेवला होता, तोही पानांना जवळजवळ टेकवून. जास्त उजेड तर जास्त वाढ, असा त्याचा हिशोब. पंधरा दिवसांत पानं करपली, मग खोड वाळलं. तेव्हा कोन गावाच्या रस्त्यावरच्या नर्सरीतून त्याने तशाच पानांची जास्वंद आणली. एका शिफ्टची ती अक्कल त्याला माझ्याच झाडाच्या जिवावर आली होती.

"सांगनार होतो भाऊ. पन तुमी आल्या आल्या तिच्याशी बोलाय लागलात."

"मग तेव्हाच थांबवायचंस मला."

"हिंमत न्हाय झाली."

झाड मेलं हे मी सोसलं असतं. चूक होते माणसाच्या हातून. पण मी नर्सरीतून आणलेल्या कुठल्यातरी रोपाला माझ्या संसाराच्या गोष्टी सांगत होतो आणि हा सगळं ठाऊक असून समोर बसून मान डोलावत होता. तिच्या दुखवट्यात ज्याने चहा पाजला त्यानेच मला असं फसवावं, याचा राग अजून जात नाही.

वर्षभराने कारखान्यातले लूम भंगारात गेले आणि तो वाडा तालुक्यातल्या आपल्या गावी निघाला. जाताना त्याने दोनदा बेल वाजवली. मी घरातच होतो. उठलो नाही.

जास्वंद आता चांगली कमरेएवढी झाली आहे. मी तिला रोज पाणी घालतो. बोलत नाही.