बिनधारेची तलवार

पोपट म्हात्रे हा माणूस घरात तलवार बाळगेल, असं त्याच्याकडे बघून कुणाला स्वप्नातही वाटलं नसतं. अंगानं वाळल्या बोंबलासारखा, बोलणं बेताचं, आणि नोकरी रोह्याला धाटावमधल्या एका केमिकल कंपनीत, फिटरची. पेणकडून वडखळला जाताना खाडीच्या अंगाला वळलं की मिठागरांच्या कडेला त्याचं गाव. तिथून सायकलीनं पेण स्टेशन, मग रोह्याची गाडी. निडीला गाडी क्रॉसिंगसाठी थांबली की डब्यातले सगळे पत्ते काढायचे आणि पोपट खिशातून एक घडी घातलेला कागद काढायचा.

तो कागद म्हणजे त्याचा छंद. आता छंद सगळ्यांनाच असतात. कुणी कबुतरं पाळतो, कुणी गावोगावच्या भजनांत आपली पेटी घेऊन घुसतो. पोपटला युरोपातल्या जुन्या तलवारींचा छंद होता. याला काही कारण लागतं असं नाही, पण होतं. मागे कंपनीत परदेशातून एक पंप आला, त्याच्या खोक्यात फुटू नये म्हणून गुळगुळीत मासिकाची पानं कोंबलेली होती. बाकीच्यांनी ती पानं भज्यांखाली घेतली. पोपटच्या वाट्याला आलेल्या पानावर एक तलवार होती, सरळ, दुधारी, मुठीला आडवी दांडी आणि शेवटाला गोल गड्डा. त्या पानावर त्यानं भजी ठेवली नाहीत. खाली काय लिहिलं होतं ते त्याला वाचता येईना, पण फिटरच्या डोळ्याला वाचायची गरज नव्हती. तो गड्डा शोभेचा नाही, तोलाचा आहे, हे त्यानं बघताक्षणी ओळखलं.

हे सगळं त्यानं घरी येऊन बायकोला, म्हणजे कृष्णाबाईला, समजावून सांगितलं. कृष्णाबाई तेव्हा पापड लाटत होती. पेणच्या एका बाईसाठी ती पापड करून द्यायची आणि हात चालू असताना तिला काहीही सांगितलं तरी चालायचं. आपल्याकडची तलवार वाकडी, ही सरळ. आपल्या मुठीला वाटी, हिला आडवी दांडी. पुढं पातं जड म्हणून मागं गड्डा. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि लाटणं वर करून दाखवलं. "ह्याचा पण तोल दोनी बाजूंनी सारखा हाय. ह्याचा फोटो नाय कुणी काढला."

पण चेष्टा करून का होईना, ती ऐकायची. पुढं कितीतरी वर्षं ऐकत राहिली. पोपटनं कंपनीतल्या भंगारातून पट्टी आणून तसली तलवार करायचा प्रयत्न केला, तेव्हा तिनं बरेच दिवस ती चुलीतले निखारे ओढायला वापरली आणि त्या कामाला ती फार चांगली झाली आहे असंही सांगितलं.

मग कंपनीत नेगी नावाचा वॉचमन आला. गढवालचा माणूस. पोपटचा तो कागद पाहून त्याला हसूच आलं. त्याच्या गावाकडे असल्या तलवारी बनवणारा कारखाना होता आणि त्याचा मेहुणा तिथं पॉलिशला होता. तिकडे म्हणे रोज पेट्या भरभरून या तलवारी परदेशात जातात. नाटकवाले घेतात, सिनेमावाले घेतात आणि नुसते भिंतीवर लावणारे शौकीन लोकही घेतात. पोपटसारखी माणसं साहेबांच्या देशातही असतात हे ऐकून पोपट दिवसभर ताठ चालला. नेगीनं पुढं सांगितलं, की एखाद्या तलवारीची दांडी जराशी तिरकी बसली की तपासणारा ती बाजूला काढतो. मग ती इथंच विकतात, छताच्या पंख्याच्या किमतीत.

पोपटनं ही गोष्ट घरी सांगितली आणि कृष्णाबाईनं बराच वेळ पापड लाटले. मग म्हणाली, "आणा. पण धार नको. घरात विळी हाय, कोयता हाय, तेवढी धार पुरं."

त्या तलवारींना धार नसतेच, दाखवायच्या असतात, असं पोपटनं सांगितलं. तरी तिनं त्याच्याकडून तसं कबूल करून घेतलं, आज नाही आणि उद्याही नाही. नेगी दिवाळीत गावी जाणार होता. पैसे आधीच देऊन झाले.

श्रावणात कृष्णाबाईला कावीळ झाली. आधी झाडपाल्याचं औषध झालं, मग पेणचा दवाखाना झाला, मग अलिबाग झालं. अलिबागहून ती परत आली ती गाडीतून आडवी.

पोपट रडला नाही. हे सगळ्या गावानं पाहिलं आणि सगळ्या गावाला त्याची काळजी लागली. त्याची मोठी बहीण काशीबाई मुद्दाम येऊन राहिली. बाईमाणूस खंबीर, तिनं ठरवलं की भावाला रडवायचंच. संध्याकाळी त्याच्यासमोर बसून ती कृष्णाबाईच्या एकेक आठवणी काढायची. आणि त्या काढता काढता स्वतःच पदर तोंडाला लावायची. पोपट उठून तिला पाणी आणून द्यायचा. असं बरेच दिवस चाललं. शेवटी काशीबाईचेच डोळे सुजले आणि तिनं तो नाद सोडला.

पोपटला वाईट वाटत नव्हतं असं नाही. त्याला काहीच वाटत नव्हतं. कामावर हात बरोबर चालत होते, नट बरोबर आवळले जात होते. कालवणात मीठ नसलं तरी तो जेवायचा आणि दोनदा पडलं तरी जेवायचा. अंगाखाली हात दाबून झोपलं की जागं झाल्यावर तो हात दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो, तसा पोपट सगळाच्या सगळा स्वतःला दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता.

दिवाळीनंतर नेगी तलवार घेऊन आला. बिचाऱ्यानं ती वळकटीत गुंडाळून, तीन गाड्या बदलून, डोक्याखाली घेऊन आणली होती. गेटजवळच्या खोलीत त्यानं ती उलगडली. पोपटनं हातात घेतली. पातं चांगलं होतं. दांडी अगदी थोडी तिरकी होती. मागच्या गड्ड्यामुळं तोल मुठीजवळ बरोबर येत होता. जसं त्याला वाटलं होतं तसंच. त्यानं पात्यावरून अंगठा फिरवला. धार नव्हती.

"बरी आहे," तो म्हणाला. कँटीनच्या आमटीबद्दलही तो एवढंच म्हणायचा. नेगीचं तोंड पडलं. पोपटला ते दिसलं, पण त्यावर काय करायचं असतं ते आठवलं नाही.

घरी काशीबाईनं ती मूठ पाहिली आणि हा तर पाद्रीबाबांचा क्रूस आहे, म्हणून दोन पावलं मागं झाली. मग आता घरात आलाच आहे तर रिकाम्या कपाळानं कसा ठेवायचा, असं म्हणून कुंकू लावलं. पोपटनं कुंकू पुसून तेल लावलं, गोणपाटात गुंडाळून तलवार कपाटावर टाकली. खाडीचा वारा लोखंडाला खातो, म्हणून दर रविवारी तेवढं तेल लावायचा. निडीला गाडी थांबली की तो आता खिडकीबाहेर बघायचा.

इकडे त्याच्या मुलाचं, नीलेशचं लग्न ठरलेलं होतं. मुलगी खांब गावची, सरू नावाची, भातशेतीवाल्या घरातली. घरात गमी झाली की लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. एवढं थांबायला कुणी तयार नव्हतं. म्हणून वैशाखातली तारीख धरली आणि जो तो पोपटला विचारायला येऊ लागला.

पोपट सगळ्याला "चालेल" म्हणायचा. मांडव पिवळा? चालेल. जेवणाला बुंदी? चालेल. शेजारच्या पुतळीनं लेकाला कामावर जायला सायकल मागितली, तीही चालेल म्हणून गेली, आणि पोपट स्टेशनपर्यंत चालत जाऊ लागला. शिंप्यानं त्याच्यासाठी मोहरीच्या रंगाचा सफारी शिवला. वडखळचा बँडवाला आला, त्याला चालेल म्हटलं. दुसऱ्या दिवशी पेणचा आला, त्यालाही चालेल म्हटलं. नीलेशला कळलं तेव्हा दोघांनीही लाल कोट धुवायला टाकले होते.

हळदीच्या आदल्या दिवशी कट्यारीचा प्रश्न निघाला. आमच्याकडे नवरदेवाच्या हातात कट्यार लागते आणि तिच्या टोकाला लिंबू खोचलेलं लागतं, दृष्ट लागू नये म्हणून. गावात एकच बरी कट्यार होती आणि तीच सगळ्या नवऱ्यांच्या हातात फिरायची. पण त्याच मुहूर्तावर आणखी एक लग्न होतं आणि कट्यार तिकडे आधीच बोलून ठेवलेली. तेव्हा गुणाजीला ती तलवार आठवली. गुणाजी म्हणजे कृष्णाबाईचा धाकटा भाऊ, नवऱ्याचा मामा. लग्नात मामाचा मान मोठा आणि गुणाजीचा आवाज त्याहून मोठा. घरात एवढी साहेबी तलवार असताना भाचा विळी धरून बसेल काय, असं त्यानं विचारलं. पोपटला विचारलं, तो चालेल म्हणाला.

तलवार खाली आली, पुसली गेली, सगळ्या पोरांनी हातात धरून पाहिली. मग काशीबाईनं लिंबू आणलं आणि टोकावर दाबलं. लिंबू काही खोचलं जाईना. टोक अंगठ्यासारखं गोल. गुणाजीनं दाबलं, तर लिंबू निसटून मांडवातल्या आचाऱ्याच्या पिठात पडलं. लिंबूसुद्धा जिचं ऐकत नाही ती कसली तलवार, असं म्हणत गुणाजीनं ती उचलली, मोटारसायकलवर टाकली आणि वडखळ नाक्याला काळुरामच्या वेल्डिंगच्या दुकानात धार लावायला घेऊन गेला.

पोपट ओटीवर बसला होता. कुणीतरी त्याला सांगितलं. त्यानं मान हलवली. मग थोड्या वेळानं तो उठला. चपला घालायच्या राहिल्या. सायकल पुतळीकडे होती, पण ती आणावी हेही त्याच्या डोक्यात आलं नाही. तो तसाच वडखळच्या रस्त्याला लागला, मोहरीच्या सफारीत, कारण शिंप्यानं तो नुकताच माप बघायला त्याच्या अंगावर चढवला होता. रस्त्यानं जाणाऱ्या गाडीतल्यांना वाटलं, नवऱ्याचा बाप कुठं निघाला पळून.

तो पोचला तेव्हा ग्राइंडर सुरू झाला होता. काळुरामनं काळा चष्मा लावला होता आणि तलवार दोन्ही हातांत धरली होती. गुणाजी बाजूला उभा राहून, टोकच नको, दोन्ही बाजूंनी सरळ मुठीपर्यंत घे, असं सांगत होता. पोपट दुकानात शिरला, भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला. चाक घरघरत घरघरत थांबलं.

"भावजी, काय झाला?" गुणाजी म्हणाला.

"धार नाय लावायची."

"अवो, नुसता टोक. लिंबू काय खळीनं चिकटवू?"

"नाय."

एवढ्या महिन्यांत पोपटच्या तोंडून हा शब्द कुणी ऐकला नव्हता. काळुरामनं चष्मा वर केला. गुणाजीनं समजूत घातली, की ही वस्तू शेवटी लोखंडच, लोखंडाला धार लावली म्हणून काय बिघडतं, आणि उद्या सगळं गाव हसेल. पोपटनं काळुरामच्या हातातून तलवार काढून घेतली. पात्यावर अंगठा फिरवला, वरपासून खालपर्यंत. अजून चाक लागलं नव्हतं.

"तुझ्या बहिणीनं सांगितलंय," तो म्हणाला. "धार नको म्हणून."

जणू काही ती आत्ता घरी मांडवाखाली बसली आहे आणि तिनं निघताना बजावलं आहे, अशा आवाजात.

गुणाजी गप्प झाला. गुणाजी गप्प झालेला काळुरामनं प्रथमच पाहिला, म्हणून तोही गप्प राहिला. मग गुणाजीनं कोपऱ्यातली बांधायची तार उचलली आणि तिचं वेटोळं करायला लागला. त्याचं नाक वाहत होतं. त्यानं ते सदऱ्याच्या बाहीला पुसलं आणि लिंबाच्या मापाचा पिंजरा टोकाला वळून बसवला. पोपट उभा राहून बघत होता. तार पात्याला ओरखडणार नाही ना, तेवढं बघत होता.

लग्न झालं. दोन्ही बँड वाजले, वेगवेगळी गाणी आणि एकाच वेळी. नवरदेवाच्या हातातली तलवार पाहून खांबच्या लोकांना वाटलं, हे कुणी फार जुनं सरदार घराणं असावं. त्यांनी पोपटला वाकून नमस्कार केला आणि मोहरीच्या सफारीतला पोपट सगळ्यांना चालेल म्हणाला. लिंबू एकदा पिंजऱ्यातून निसटलं आणि मागच्या ढोलावर आपटलं. म्हाताऱ्या हाय हाय करायला लागल्या. गुणाजीनं खिशातून दुसरं काढून बसवलं. त्यानं पिशवीभर आणली होती.

पाहुणे गेले. काशीबाई आपल्या घरी गेली. पोपट पुन्हा कामावर जाऊ लागला. तलवार कपाटावर गेली आणि त्याच्या आतलं सगळं जिथल्या तिथंच राहिलं.

एक दिवस पहिली शिफ्ट करून तो घरी आला, तर सरू परसात आंब्याखाली टाचा उंचावून उभी होती. हातात तलवार. पात्याकडून धरली होती आणि मुठीच्या आडव्या दांडीत कैरीचा देठ अडकवून ती ओढत होती. दांडी तिरकी असल्यानं देठ छान अडकत होता.

"आकडी नाय सापडली, बाबा," ती म्हणाली. "आणि हिला धार नाय, त्यामुळं हाताला पण लागत नाय. कुणी आणली ओ ही? लय कामाची हाय."

पोपटच्या तोंडावर चालेल आलं होतं. ते तिथंच अडकलं. युरोपातली तलवार. दुधारी पात्याची. नेगीनं तीन गाड्या बदलून डोक्याखाली घेऊन आणलेली. तिच्या पात्यावर आता चीक ओघळत होता, आणि कैरीच्या चिकानं लोखंडाला डाग पडतो हे या पोरीला कुणी सांगितलं नव्हतं.

कुठंतरी आत मुंग्या आल्या. दबलेल्या हातात रक्त परत शिरताना येतात तशा, बारीक आणि नकोशा. पोपटला राग आला. फार नाही, थोडासाच. पण तो त्याचा स्वतःचा होता.

तो मागच्या पायरीवर बसला, आणि आलेला राग जाऊ नये म्हणून जरा वेळ अगदी स्तब्ध राहिला.