कोपरा कापलेलं पाकीट

करमाळ्याच्या स्टँडवर पुण्याची सकाळची गाडी लागली, तेव्हा आई मला एक सांगत होती आणि बाबा दुसरंच. आईचं म्हणणं, आत्याकडे तिच्या आधी उठायचं, पडेल ते काम करायचं आणि तिच्या बोलण्याचा राग मानायचा नाही. बाबांचं सगळं म्हणणं पाकिटांबद्दल. ते बाजार समितीत कारकून. उभा जन्म पाकिटं चिकटवण्यात गेलेला, त्यामुळे त्या बाबतीत त्यांच्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती. अर्ज स्वच्छ अक्षरात लिही, डिंक बेताचा लाव, आणि उत्तरासाठी जे पाकीट जोडशील त्याला घडी घालू नकोस. घडी घातलेलं पाकीट कोण उघडून वापरेल?

"आणि त्याच्यावर पत्ता इथला टाक," गाडी हलता हलता ते म्हणाले. "पुण्याचा पत्ता आज आहे, उद्या नाही. घरचा पत्ता कुठं जात नाही."

मुदत दिवाळीपर्यंतची होती. तोवर नोकरी लागली तर ठीक, नाहीतर परत यायचं. बार्शीचं एक स्थळ आईने 'मुलगी शिकतेय' असं सांगून थोपवून धरलं होतं. मुलगा वाईट नव्हता हो, पण मला कॉम्प्युटर सोडवत नव्हता. सोलापूरला वर्षभर कोर्स केला होता. चपला बाहेर काढून त्या गार खोलीत जायचं, देवळात जावं तसं, आणि पडद्यावर हिरवी अक्षरं उमटायला लागली की मला भूकही लागायची नाही. पेपरात रोज यायचं की आता परदेशी कंपन्या येणार, पुण्यात तर कॉम्प्युटरवाल्यांना उचलून नेतायत. मला वाटायचं, उचलतायत तर आपणही जरा उचलण्याजोग्या जागी जाऊन उभं राहावं.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. नारायण पेठेत दुसऱ्या मजल्यावर तिच्या दोन खोल्या होत्या, काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. जन्म करमाळ्याचा, पण लग्न होऊन आली आणि अशी काही पुणेरी झाली की मूळच्या पेठकरांनीही तिला घाबरावं. मी पहिल्या दिवशी विचारलं, "आत्या, मी इथे राहिले तर चालेल ना?" तर म्हणाली, "ट्रंक वर आणल्यावर विचारतेयस. नाही म्हटलं तर खाली कोण नेणार?" त्या रात्री मी उशीत तोंड खुपसून रडले. आठवडाभराने कळलं, की ती मला ठेवून घेतेय हे तिने तिच्या भाषेत सांगून टाकलं होतं.

दर रविवारी ती पेपर पुरवणीसकट माझ्यासमोर टाकायची. मी जाहिराती कापायची. त्यात शेवटी हटकून एक ओळ असे, की स्वतःचा पत्ता लिहिलेलं आणि तिकीट लावलेलं पाकीट सोबत जोडावं. सोमवारी माझी स्वारी बुधवार पेठेत. तिथे एका दुकानात पाकिटांचे एवढे प्रकार पाहिले की भांबावलेच. खाकी, पांढरं, आतून कापड लावलेलं, लांबट, चौकोनी. खाकीत सरकारी वाटतं, पांढऱ्यात लग्नाचं आमंत्रण वाटतं, असं माझं मोठ्याने चाललं होतं. दुकानदार बराच वेळ ऐकून म्हणाला, "आत मजकूर असेल ना, तर कुठल्याही पाकिटातून बाहेर येतो." मी ओशाळून लांबट पांढरी घेतली. सगळी एकाच मापाची, कारण गठ्ठ्यात स्वस्त पडत होती. पोस्टातही तीच गत. रजिस्टर करू, स्पीड पोस्ट करू की साधं, या विचारात मी रांग अडवली. खिडकीतले गृहस्थ म्हणाले, "आपल्याला नोकरी हवीय की पोचपावती?" मग साधंच.

घरी येऊन मांडामांड केली. बाहेरचं पाकीट आणि उत्तराचं पाकीट एकाच मापाचं. घडी न घालता आत सरकवलं तर ते थेट कडेला जाऊन भिडायचं, तिळाएवढीही जागा उरायची नाही. आत्याने बघितलं. "आतलं दुमड," म्हणाली, "उघडणाऱ्याने कात्री चालवली की कापलं जाईल." मी बाबांचा नियम सांगितला. "बरं," ती म्हणाली, "तुझ्या बाबांना नोकरी लागूनच गेलीय, त्यांचं काय जातंय." पण मी काही दुमडलं नाही. उत्तराच्या प्रत्येक पाकिटावर मी मराठीत, गोल अक्षरात करमाळ्याचा पत्ता लिहिला, तिकीट लावलं आणि हात जोडून पेटीत टाकलं.

गणपती झाले, नवरात्र आलं. उत्तर म्हणून येईना. कंपन्या आमची तिकिटं लावलेली पाकिटं ठेवून घेतात आणि त्यातून आपल्या घरची पत्रं पाठवतात, असं माझं मत होत चाललं होतं. आईच्या पत्रात बार्शीचा विषय आता पहिल्या ओळीत यायला लागला होता. मी संध्याकाळी गॅलरीत उभी राहायची आणि हे शहर आपल्याला ओळख देत नाही म्हणून मला खरोखर वाईट वाटायचं.

आणि एका गुरुवारी, दिवेलागणीला, जिन्यातून रडण्याचा आवाज आला. साधं रडणं नाही, गावाकडे मयताच्या घरी शिरताना बाया हेल काढतात तसं. शेजारची दारं उघडली. मी धावले, तर जिन्यात माझी आई. हातात पिशवी, केस विस्कटलेले. मला पाहिल्याबरोबर तिने गळ्यात पडून हंबरडा फोडला, "वन्सं, अशा कशा वो न सांगता गेलात!"

वन्सं स्वयंपाकघरातून झारा घेऊन बाहेर आल्या.

मग आत्या म्हणाली, "वहिनी, मी आहे अजून. चहा टाकू, की आधी आंघोळ करून घेणार?"

आई तिथेच पायरीवर बसली आणि हसू लागली, मग पुन्हा रडली, आणि मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आमच्याकडे कुणी गेल्याचं पत्र पाठवताना त्याचा कोपरा फाडतात. तसं पत्र घरात नेत नाहीत, उंबऱ्याबाहेरच वाचायचं, फाडून टाकायचं आणि डोक्यावरून पाणी घ्यायचं. त्या दिवशी सकाळी पोस्टमनने पुण्याचा शिक्का असलेलं, कोपरा तिरका उडालेलं पाकीट आईच्या हातावर ठेवलं आणि असल्या वेळी पोस्टमन करतात तसा खाली मान घालून निघून गेला. बाबा टेंभुर्णीला बाजार समितीच्या कामाला गेलेले, सोमवारी येणार. आत्याच्या खालच्या दुकानदाराचा फोन नंबर बाबांच्या डायरीत आणि डायरी बाबांच्या खिशात.

"पाकिटावर अक्षर तुझं," आई म्हणाली. "म्हंजे तू हायेस. मग पुण्यात आपलं दुसरं हाय कोण?"

मी म्हटलं, अगं पण उघडून तरी बघायचंस.

"उघडून काय? गेलेलं माणूस वाचून परत येतंय व्हय? यायचं तर हायच, म्हणून आले."

शेजारणीकडे किल्ली दिली, डोक्यावरून पाणी घेतलं आणि ओल्या केसांनीच एसटीत बसली. भिगवणपर्यंत उभी होती म्हणे.

पाकीट फाडायचा तिला धीर झाला नव्हता, पण ते तिने घरातही आणलं नव्हतं. खाली जिन्याच्या तोंडाशी, चपलांच्या फळीवर एका फडक्यात बांधून ठेवलं होतं. मी दोन-दोन पायऱ्या उड्या मारत खाली गेले आणि तिथल्या मिणमिणत्या दिव्याखाली ते उघडलं. एका सॉफ्टवेअर कंपनीचं बोलावणं होतं. शुक्रवारी सकाळी अकराला, म्हणजे दुसऱ्याच दिवशी. कुणी तरी तिरकी कात्री चालवून माझा अर्ज उघडला होता आणि आतल्या पाकिटाचा कोपरा त्याबरोबर उडाला होता. वर चिकटपट्टी लावायचं सौजन्यही त्याने दाखवलं होतं.

कोपरा शाबूत असता, तर आईने ते इंग्रजीतलं पत्र बाबा येईपर्यंत देवापुढे जपून ठेवलं असतं. सोमवारी बाबांनी वाचलं असतं, मंगळवारी नव्या पाकिटात, घडी न घालता, मला धाडलं असतं. दिवाळीत मी बार्शीच्या मंडळींपुढे पोह्यांच्या बशा ठेवत असते. हे माझ्या लक्षात आलं आणि मी त्या चपलांमध्येच बसले. वरून आत्या ओरडली, "आता तू गेलीस का?"

दुसऱ्या दिवशी आत्याने मला स्वतःची इस्त्रीची साडी नेसवली. आई ऐकेना, ती बरोबर आलीच. कर्वे रस्त्याला एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर ऑफिस होतं. बाहेरच्या टेबलावर एक पोरगेलासा कारकून पाकिटांच्या ढिगाशी बसून, माझ्यासमोर एकेक तिरकं कापत होता. मला आत बोलावलं. काय विचारलं ते फारसं आठवत नाही. मशीन दाखवलं आणि एक छोटा प्रोग्राम लिहायला दिला. पडद्यावर तीच हिरवी अक्षरं, मग मला भीती वाटली नाही. बाहेर आले तर आई त्या कारकुनाला शिकवत होती, "बाबा, कात्री सरळ धरत जा. लोकांच्या घरी माणसं असत्यात." आणि तो पुणेरी थंडपणाने म्हणत होता, "मावशी, पाकीट मोठं आणायचं."

नोकरी लागली. बाबांना आत्याने कार्ड टाकलं. चारही कोपरे शाबूत आहेत, नीट बघून घ्या, असं वर पहिल्या ओळीत लिहिलं.

आज मी वारज्याला राहते. त्या बंगल्यातली कंपनी कधीच काचेच्या इमारतीत गेली, मीही तिच्यामागून दुसऱ्या काचांमध्ये गेले. आत्या गेली, ते मला फोनवर कळलं. बाबाही गेले. माझी लेक लॅपटॉपवर अप्लाय करते, चहा संपायच्या आत नकारही येतो, आणि ती खांदे उडवून दुसरीकडे अप्लाय करते. तिचं बरं आहे. मला मात्र डिंकाचा वास अजून आवडतो.

ती आता म्युनिकला निघालीय. परवा विमानतळावर सोडायला जायचंय, आणि तिला काय सांगायचं ते मला सुचत नाहीये. बाबांचं वाक्य सांगावं असं वाटलं होतं, घरचा पत्ता कुठं जात नाही. मी ते वर्षानुवर्षं खरं धरून चालले. तुम्ही जे करमाळ्यात राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे उठून कुठे कुठे गेलात, तुम्हीही धरलं असेल. पण त्या गुरुवारी माझ्या घराच्या दाराला कुलूप होतं, किल्ली शेजारणीकडे होती, आणि घर भिगवणपर्यंत एसटीत उभं राहून माझ्याकडे आलं होतं.

आई अजून करमाळ्यातच असते. गुडघे दुखतात, पण हट्ट जात नाही. माझा फोन दोन दिवस गेला नाही की तिसऱ्या दिवशी सकाळी तिचाच येतो. ठीक हायेस नव्हं? नसलीस तर सांग, पिशवी भरलेलीच हाय.

काल मी तिला म्हटलं, सगळं अगदी ठीक आहे, नात चाललीय, घर रिकामं होणार आहे, बाकी काही नाही.

"मग निघते," ती म्हणाली.