शंभर फेरे कमी

आंधळगावात सेवकरामचं दुकान शोधायला पत्ता लागत नाही. जिथून वार्निशाचा वास येतो आणि आत कोणीतरी पाढे पाठ करतंय असं वाटतं, तेच दुकान. त्याच खोलीत त्याचे वडील मागावर लुगडी विणायचे. माग मोडला आणि त्या जागी तार गुंडाळायचं मशीन आलं. घराण्याचा धंदा बदलला, असं मात्र सेवकराम मानत नाही. "बाबा सूत गुंडाळत, मी तांबं गुंडाळतो. फरक इतकाच, की सुताचा शॉक लागत नाही," म्हणतो.

संध्याकाळी शेतातले पंप सुरू झाले की गावातला व्होल्टेज दोनशे तीसवरून एकशे ऐंशीवर येतो. पंखा विचार करत करत फिरतो. अशा घरांसाठी सेवकराम एकशे ऐंशी घेऊन दोनशे तीस देणारा छोटा ट्रान्सफॉर्मर बनवतो. गणित सोपं आहे. त्याच्या गाभ्यावर एका व्होल्टला तारेचे चार फेरे लागतात. वीज आत येते त्या बाजूला एकशे ऐंशी चोक सातशे वीस, बाहेर जाते त्या बाजूला दोनशे तीस चोक नऊशे वीस. आतल्या बाजूचे फेरे कमी पडले तर बाहेर व्होल्टेज जास्त निघतो. झालं गणित.

घोटाळा मोजण्यात होता. मशीनचं फेरे मोजणारं घड्याळ कधीच बंद पडलेलं. गावभराची यंत्रं दुरुस्त करणाऱ्याला स्वतःच्या यंत्रासाठी सवड मिळत नाही. म्हणून दर शंभर फेऱ्यांना डबीत एक चिंचोका टाकायची पद्धत पडली. हँडल बहुतेक वेळा त्याची बायको सुमित्राबाई फिरवायची. ती धानवाल्या घरची. तिच्या माहेरी धान मोजताना पहिल्या पायलीला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात, आणि तिची खूण ठेवत नाहीत. सुमित्राबाईचे पहिले शंभर फेरेही तसेच 'लाभ', चिंचोका दुसऱ्या शंभराला. म्हणून शेवटी सेवकराम डबीतले चिंचोके मोजायचा आणि त्यात लाभाचा एक मिळवायचा. अकरा वर्षं एक फेरा चुकला नाही.

मार्चमध्ये सुमित्राबाई भंडाऱ्याला लग्नाला गेली आणि नेमकी मनकर्णाबाई दारात उभी. ही बचत गटाची म्होरकी. तिनं गटासाठी अंडी उबवायची पेटी घेतली होती. चार बल्बच्या उबेवर साठ अंडी, एकविसाव्या दिवशी पिल्लं निघायची, अठरावा दिवस जवळ आलेला, आणि संध्याकाळी बल्ब मंद होत होते.

"सेवक, आजच्या आज दे बापा. माही पिल्लं कुडकुडून राहिली."

सेवकराम एकटाच बसला. बाहेरच्या बाजूचे नऊशे वीस फेरे सुमित्राबाईनं जायच्या आधीच गुंडाळून ठेवले होते, आतली बाजू तेवढी राहिली होती. पहिल्या शंभराला त्यानं चिंचोका टाकला, कारण तो धानवाल्या घरचा नव्हता. शेवटी डबीत पाहिलं, सहा चिंचोके. जीभ सवयीनं म्हणाली, "सहा अन् लाभ, सात." वर वीस फेरे दिले आणि ट्रान्सफॉर्मर डब्यात बंद केला.

तिसऱ्या संध्याकाळी चारही बल्ब उडाले. सकाळी पेटी गार होती. साठातलं एकही अंडं फुटलं नाही.

त्याच संध्याकाळी कंत्राटी लाइनमन राजकुमार खांबावर चढलेला सगळ्यांनी पाहिला होता. मग काय, निकाल लागला. मनकर्णाबाईनं त्याला काढून टाका असा अर्ज लिहून घेतला आणि ट्रान्सफॉर्मर सेवकरामपुढे आणून ठेवला.

"तपासून ठेव. अन् अर्जावर तुही सही पाहिजे. तुह्यावाचून इथं कोनाले समजते लाइनीचं?"

सेवकरामनं आतल्या बाजूला चोवीस व्होल्ट दिले. बाहेर साडेतीसच्या आसपास यायला हवे होते. साडेपस्तीस आले. त्यानं मीटरचे सेल बदलले. साडेपस्तीसच. मग तो घरी आलेल्या बायकोवर उखडला.

"तुह्या लाभानं घात केला!"

"मी होते का घरी?" सुमित्राबाई म्हणाली. "माह्या बापाची पायली आजवर कमी नाही भरली. तुमचा हात मोजा."

दोन दिवस त्यानं मनकर्णाबाईला मीटर बिघडल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी राजकुमार दुकानात येऊन बसला. पोरगा चेहऱ्यानं उतरला होता.

"भाऊ, मी फक्त सैल तार आवळली जी. आता वाटून राहिलं, जास्त तर नाही आवळली?"

तार कितीही आवळली तरी त्यानं व्होल्टेज वाढत नाही, हे सेवकरामइतकं गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यानं राजकुमारला चहा दिला. साखर दोन चमचे जास्त टाकली. तो चहा राजकुमार गोड म्हणून प्यायला, आणि सेवकरामला मात्र रात्रीचं जेवण गेलं नाही.

गुरुवारी मनकर्णाबाईच्या अंगणात अर्ज पुढे आला. सेवकरामनं पेन घेतलं आणि सहीच्या जागी लिहिलं : १८० × ९२० ÷ ६२० = २६७.

"हे काय फोन नंबर लिहून राहिला का?" मनकर्णाबाईनं विचारलं.

"माही चूक लिहून राहिलो, मावशी. दोनशे तीसच्या जागी दोनशे सदुसष्ट गेले. सातशे वीस फेरे पाहिजे होते, मी पहिल्या शंभराचा चिंचोका टाकून वर लाभही धरला अन् सहाशे वीसच देल्ले. राजकुमारचं काही नाही त्यात. तो माह्याजवळ आला तवाही मले माहीत होतं."

शेवटचं वाक्य सांगायची गरज नव्हती. पण ते राहिलं असतं तर पुन्हा शंभर कमीच पडले असते.

मनकर्णाबाईनं रिकाम्या पेटीचं झाकण लावलं. मग अर्ज फाडून म्हणाली, "मशीन इथं आन. माह्यासमोर गुंडाळ, अन् मोठ्यानं मोज. चिंचोके राजकुमार टाकन."

दुपारभर अंगणात मोजणी चालली. पाचशे ऐंशीच्या घरात राजकुमारनं डबी वाजवली.

"भाऊ, हे लाभ धरून का लाभ सोडून?"

सगळं अंगण हसलं. मनकर्णाबाईसुद्धा. सेवकराम हसायला गेला आणि आकडा विसरला. राजकुमार म्हणाला, "पाचशे ऐंशी झाले जी, मी मोजून राहिलो ना." सेवकरामनं मान हलवली, सगळी तार उलगडली, डबी उलटी केली आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली.